अनुमोदक

सर्जेरावांच्या शेतीला गावात मान होता, घराला होता, पण आवाजाला जरा जास्तच होता. दूध सोसायटी असो, पतसंस्था असो नाहीतर कारखान्याची वार्षिक सभा असो, त्यांची पुढच्या रांगेतली खुर्ची ठरलेली असायची. मंचावरून कुणीतरी ठराव वाचायला घ्यायचं. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून’ एवढं होतंय न होतंय, तोच सर्जेराव हात वर करून “मंजूर!” म्हणून गरजायचे. मग मागची सगळी सभा त्यांच्यामागून “मंजूर, मंजूर” करत जेवणाच्या मांडवाकडं बघायला लागायची. ठरावात काय होतं ते ना सर्जेरावांना ठाऊक, ना मागच्यांना. एखादा विचारणारा निघालाच, तर भर मांडवात त्यानं नवरीचं वय विचारल्यासारखं लोक त्याच्याकडं बघायचे.

सूचक म्हणून कुणाचंही नाव पडो, अनुमोदक म्हणून सर्जेरावांचंच पडायचं. त्यांची बायको झुंबरबाई म्हणायची, “तुमाला सपनात कुणी ठराव वाचून दावला तरी वराडाल.” सर्जेराव हसायचे. बायको कौतुक करतेय असंच त्यांना वाटायचं.

तर अशा माणसाला दिल्लीला पाठवायचं ठरलं. का ठरलं, ते सांगायचं तर आधी म्हस्कूचं सांगायला हवं.

सर्जेरावांच्या भांडगावात हायवे सोडून आत वळलं की दोन्ही अंगाला ऊसच ऊस. बिबटे आधी शिरूरकडं होते, घोडनदीच्या काठानं. तिकडं ऊस वाढला तसे तेही वाढले आणि भीमा ओलांडून दौंडात आले. आताच्या बिबट्यांची तर पिढीच उसात जन्मलेली. डोंगर कसा असतो, जंगल कसं असतं, त्यांना माहीत नाही. फडातच त्यांची बाळंतपणं होतात.

म्हस्कू सर्जेरावांकडं सालानं कामाला होता. उसाला पाणी द्यायचं म्हणजे मोटार चालू करून घरी येऊन पडायचं, असं नसतं. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून पाणी पुढच्या सरीत वळवायचं, ती भरली की त्याच्या पुढच्या. याला दारं धरणं म्हणतात. आणि शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात म्हस्कू बॅटरी घेऊन जायचा आणि सकाळी परत यायचा. गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी तो आला नाही. वाकून दारं धरणारा माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, एखादं बुटकं जनावर वाटतं, असं वनखात्याच्या गार्डानं नंतर समजावून सांगितलं. ते समजून कुणाला काय करायचं होतं?

सर्जेरावांच्या उसात, सर्जेरावांच्या पाण्यावर म्हस्कू गेला. सर्जेराव त्या दिवशी लहान पोरासारखे रडले आणि ते रडणं खोटं नव्हतं. तेराव्याला ते स्वतः पंगतीत वाढायला उभे राहिले. म्हस्कूच्या बायकोला, चांगुणाला, त्यांनी त्याच्या जागी कामावर ठेवून घेतलं. सर्जेरावांना सगळे आबा म्हणायचे. गाव म्हणालं, आबांनी बाईला वाऱ्यावर सोडलं नाही. तेव्हापासून रात्रीच्या आठवड्यात चांगुणा दारं धरायला जाऊ लागली. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची. बिबट्या नरडं धरतो म्हणून शिरूरच्या बाजूला बायका असे पट्टे घालून रानात जातात. बाहेरून टोकं असलेला, कुत्र्याला घालतात तसलाच तो पट्टा. पहिल्यांदा तो घातला तेव्हा चांगुणानं वरून पदर गच्च लपेटून घेतला होता.

पट्टे वाटले ते शिरूरच्या अनुपमाताईंच्या संस्थेनं. ताई स्कूटरवरून बिबट्याच्या गावांत फिरायच्या, पंचनाम्याला हजर राहायच्या, वनखात्याशी भांडायच्या आणि भांडण झालं की त्याच साहेबांबरोबर चहाही प्यायच्या. माणूस आणि वन्यप्राणी यांच्या झगड्यावर सरकारला सल्ला द्यायला दिल्लीत एक राष्ट्रीय परिषद नेमली होती. तीत शास्त्रज्ञ होते, निवृत्त अधिकारी होते, मोठमोठ्या संस्था होत्या. ज्याच्या शेतात बिबट्या येतो तो मात्र तीत नव्हता. ताईंनी पत्रावर पत्रं धाडली, खासदारांच्या दारात खेटे घातले आणि शेवटी शेतकऱ्यासाठी एक खुर्ची मिळवली. तिच्यावर नाव सुचवलं सर्जेरावांचं.

“आबा, तुमच्या शेतात घडलंय,” ताई म्हणाल्या, “आणि तुमचा आवाज मोठा आहे. ती परिषद कायदा करत नाही. पण तिच्या कागदावर एखादी गोष्ट आली की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. आजवर आपली निवेदनं टेबलाच्या अलीकडंच राहिली. आता आपला माणूस टेबलाला बसणार आहे.”

निघायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीपुढं माणसं जमली. नुकसानभरपाई मागा, पिंजरे मागा, बिबटे उचलून न्या म्हणावं, ज्याला जे सुचेल ते तो सांगत होता. सगळ्यांचं होईतो चांगुणा एका बाजूला उभी होती. मग ती म्हणाली, “आबा, तिथं दुसरं कायबी बोलू नका. बिबट्या कुठं जायचा न्हाई. दिवसा लाइट द्या म्हणावं. मंग रातीला रानात जायाचंच कारण न्हाई.”

बाई बरोबर बोलली होती. सर्जेरावांनी छातीला हात लावला. “चांगुणा, पयलं हेच बोलंन. तुला शब्द दिला.”

दिल्लीतलं सभागृह असं गार होतं, की फेटा बांधून आल्याचं सर्जेरावांना बरंच वाटलं. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढं माइक, प्रत्येकापुढं नावाची पाटी. ‘श्री सर्जेराव’ असं इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलेलं. त्यांनी ती पाटी दोनदा सरळ केली. अनुपमाताई भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांना ऐकायची परवानगी होती, बोलायची नव्हती. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. “यहाँ हर सदस्य बराबर है, खुलकर बोलिए,” असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. हेही लिहायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात त्या माणसाचा काही दोष नव्हता.

कामकाज असं होतं, की आधी उपसमितीनं केलेल्या शिफारशींचा मसुदा वाचायचा, एकेका कलमावर सदस्यांनी बोलायचं, आणि मग ज्यानं त्यानं आपापला अनुभव मांडायचा. अध्यक्ष कलम इंग्रजीत वाचत आणि मग हिंदीत सांगत. सर्जेरावांचं हिंदी पाटसच्या स्टँडवर परप्रांती ऊसतोड्यांशी बोलून कमावलेलं. पहिली दोन कलमं त्यांनी कान टवकारून ऐकली. तिसऱ्याच्या वेळी मात्र ते मनातल्या मनात आपलं वाक्य घोकत बसले होते. ‘हमको दिन का लाइट होना. हमको दिन का लाइट चाहिए.’ होना म्हणायचं का चाहिए म्हणायचं, यात ते अडकले होते. चांगुणाचंच काम करत होते बिचारे.

अध्यक्षांचं वाचन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, “इस पर कोई आपत्ति? कोई सुझाव?”

कुणीच बोललं नाही. त्या दालनात ती शांतता बोलणाऱ्यासाठी ठेवलेली होती. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं, खोडायचं असेल तर खोडावं, म्हणून. पण सर्जेरावांच्या कानाला एकच शांतता ओळखीची. ठराव वाचून झाला आणि कुणी बोलत नाही, म्हणजे सभेची शोभा होते, अध्यक्ष अवघडतात, आणि पुढच्या रांगेतल्या माणसानं ती वेळ निभावून न्यायची असते. हात आपोआप वर गेला.

“मंजूर!”

माइक चालू होता. काचा थरथरल्या म्हणतात तसा आवाज झाला. टेबलावरची सगळी डोकी वळली. मंजूर हा शब्द हिंदीतही तोच, त्यामुळं कुणाला भाषांतराची गरज पडली नाही. एक शास्त्रज्ञ बाई हसली, मग दोघे-तिघे हसले, आणि ते हसणं वाईट नव्हतं. अध्यक्षांचा तर चेहरा उजळला. “बहुत अच्छा! जब किसान प्रतिनिधि ही सहमत हैं, तो हम आगे बढ़ते हैं.” शेजारच्या कारकुनानं काहीतरी टिपून घेतलं. सर्जेरावांना बरं वाटलं. दिल्लीतही आपला आवाज चालतो म्हणायचा!

चहाच्या सुट्टीत अनुपमाताई त्यांच्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “आबा, तुम्ही कशाला हो म्हणालात, कळलं का?”

“कशाला म्हंजी? ठरावाला.”

ताईंनी हळू आवाजात सांगितलं. बिबट्याच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी सूर्यास्तानंतर शेतात जाऊ नये, त्यासाठी जनजागृती करावी, आणि विजेच्या वेळापत्रकात बदल करण्याची तूर्त गरज दिसत नाही. असं ते कलम होतं.

सर्जेरावांनी कप खाली ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लहानपणी आई म्हणायची, ती आज हवी होती. ते म्हणाले, “आता?”

“अजून काही गेलं नाही,” ताई म्हणाल्या. “तुमची बोलायची वेळ यायचीय. सरळ सांगा, मला कलम कळलं नव्हतं, माझं म्हणणं वेगळं आहे. ते ऐकतील. त्यासाठीच बसलेत ते.”

आणि खरंच वेळ आली. अध्यक्ष गोड हसून म्हणाले, “सर्जेराव जी, आपने तो सबसे पहले सहमति दी. अब अपना अनुभव बताइए.” माइकवरचा लाल दिवा लागला. वाक्य ओठांवर होतं. पण त्या वाक्याच्या आधी दुसरं एक वाक्य बोलावं लागणार होतं: मला समजलं नव्हतं. एवढी शिकलेली माणसं, पुढं आपल्या नावाची पाटी, डोक्यावर फेटा, आणि म्हणायचं काय, तर मी न ऐकताच ओरडलो! भीड ही भिकेची बहीण. सर्जेरावांनी घसा खाकरला आणि बिबट्याची गोष्ट सांगितली. उसात पिल्लं कशी सापडतात, आई त्यांना कशी घेऊन जाते, गाव कसं घाबरून असतं. म्हस्कूचंही सांगितलं. लोकांनी माना हलवल्या, एका बाईनं डोळे पुसले. लाइटचा ‘ल’सुद्धा त्यांच्या तोंडून निघाला नाही. शेवटी ते “धन्यवाद” म्हणाले. अध्यक्षांनी उठून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. भिंतीकडं बघायची सर्जेरावांची हिंमत झाली नाही.

गावी परतले तर हायवेच्या कडेला फलक लागलेला. ‘दिल्लीच्या तख्तासमोर शेतकऱ्यांचा आवाज!’ खाली सर्जेरावांचा फोटो आणि त्याखाली गावातल्या झाडून सगळ्या तरुणांचे फोटो. सरपंच इंद्रजीतनं सत्कार ठेवला होता. इंद्रजीत नात्यानं पुतण्या, हौशी गडी. फटाके वाजले, नारळ झाला. सर्जेराव खाली मान घालून हार घालून घेत राहिले आणि लोक म्हणाले, आबांना गर्व म्हणून शिवला नाही.

सत्कार आटोपल्यावर चांगुणा पुढं आली. “आबा, मांडलंत का?”

“मांडलं,” सर्जेराव म्हणाले. “बघू आता काय करत्यात.”

“लई उपकार झालं बगा.” ती वाकून पाया पडली. सर्जेरावांनी पाय मागं घेतले, पण तोवर उशीर झाला होता. त्या रात्री जेवताना झुंबरबाईनं ताटात भाकरी टाकली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, “काय करून आलाय?” एवढ्या वर्षांच्या संसारात तिला सांगावं लागत नसे. सर्जेरावांनी सांगितलं. ती उठली, भाजीचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि म्हणाली, “ती पोर तुमच्या पाया पडली.” एवढंच. सर्जेरावांना त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

त्यानंतर चांगुणा शेतातून येता-जाता दिसली की सर्जेराव गोठ्यात शिरायचे. स्वतःच्या वस्तीवर ते चोरासारखे फिरायला लागले. फलकावरचा त्यांचा फोटो उन्हानं फिका पडला तरी कुणी काढेना. मग सर्जेराव हायवेला जायचे ते आडवाटेनं, कॅनॉलच्या भरावावरून.

दिवाळी झाली आणि अनुपमाताई स्कूटरवरून आल्या. परिषदेचं इतिवृत्त मसुदा म्हणून सगळ्या सदस्यांकडं आलं होतं. तिसऱ्या कलमापुढं छापलं होतं: किसान प्रतिनिधींच्या अनुमोदनासह संमत.

अनुमोदन! ज्या शब्दावर उभी हयात मिरवली तो शब्द सर्जेरावांना वाचवेना.

“हे अजून पक्कं नाही,” ताई म्हणाल्या. “सदस्याला दुरुस्ती कळवता येते, संमती मागं घेता येते. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला, तर पुढच्या बैठकीत हा विषय परत उघडावाच लागेल. वीजखात्याच्या माणसालाही बोलावतील. मी अध्यक्षांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, जरूर पाठवा, आम्हाला तेच हवंय.”

“मंग धाडा की, ताई.”

“मी कशी धाडणार? सदस्य तुम्ही. आणि त्यात कारण लिहावं लागेल, आबा. मसुदा न समजता संमती दिली, म्हणून. ग्रामसभेपुढंही तेच ठेवावं लागेल. मी खोटं कारण लिहून देणार नाही.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा घेतला, झुंबरबाईची विचारपूस केली आणि जाता-जाता म्हणाल्या, “ती खुर्ची मिळवायला फार दिवस लागले हो, आबा. पुढच्या वेळी ते म्हणतील, शेतकऱ्याला बसवून काय फरक पडतो?”

सर्जेराव ओट्यावर बसून राहिले. पत्र तर धाडायलाच हवं होतं, त्याबद्दल मनात शंका नव्हती. पण सगळ्या गावापुढं? फलक लावलेल्या, फटाके वाजवलेल्या गावापुढं? झाकली मूठ सव्वा लाखाची. विचार करता करता त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर त्यांना दिल्लीहून आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. ग्रामसभा काय कुठल्या दुसऱ्या मुलखात भरणार होती? ठराव लांबलचक लिहायचा. कबुली मध्येच कुठंतरी घालायची, ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांच्या मध्ये. ग्रामसेवक भराभरा वाचेल, अर्ध्यातच लोक मंजूर म्हणतील, कागद दिल्लीला जाईल. काम होईल आणि कुणाला कळणारही नाही.

ग्रामसेवकाला त्यांनी तसं लिहून दिलं. तो वाचून गालात हसला. त्यानं असले ठराव पुष्कळ पाहिलेले.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये सकाळी भरली. तो रात्रीच्या लाइटचा आठवडा होता, त्यामुळं दिवसा माणसं मोकळी होती आणि हॉल भरला. बायका मागं दाराशी बसल्या होत्या. सर्जेराव पुढच्या रांगेत होते, पण आज त्यांनी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. सुरुवात करायला दुसरं कुणीतरी निघेलच, एवढा त्यांना गावाचा भरवसा होता.

आणि गाव भरवशाला उतरलं. “मौजे भांडगाव येथील सदर ग्रामसभा असे ठरविते की, राष्ट्रीय परिषदेच्या उपरोक्त बैठकीतील कलम तीन यास आमचे प्रतिनिधी यांनी मसुदा न समजता दिलेली...” एवढ्यात डावीकडून कुणीतरी “मंजूर” म्हणालं, मग उजवीकडून, मग सगळा हॉल. ग्रामसेवकानं पुढचं तोंडातल्या तोंडात संपवलं आणि कागद मिटला. सर्जेरावांनी श्वास सोडला. इतक्या वर्षांत एवढा गोड मंजूर त्यांनी ऐकला नव्हता.

“काय मंजूर झालं?”

आवाज दाराकडून आला होता. चांगुणा उभी राहिली होती.

ग्रामसेवक म्हणाला, “बाई, ठराव झालाय.”

“झाला आसंल. पर मला कळला न्हाई. परत वाचा.”

एक-दोघे हसले. इंद्रजीत समजावणीच्या सुरात म्हणाला, “चांगुणाकाकी, तुमच्याच भल्याचा ठराव हाय. लाइटचा हाय.”

“मंग काय भलं हाय त्ये सांगा की. मला कळलं न्हाई म्हनून इचारतीया.”

ग्रामसेवकानं सर्जेरावांकडं बघितलं. नुसती मान हलवली असती तर त्यानं वरवरचं चार ओळींत सांगून भागवलं असतं. सर्जेरावांची मान हलली नाही. ‘मला कळलं न्हाई’ हे तीन शब्द! फेटा बांधून, नावाच्या पाटीमागं, माइकपुढं बसून जे आपल्याच्यानं बोलवलं नाही, ते ही बाई दाराशी उभी राहून दोनदा बोलली. तिचं काही गेलं नाही. सर्जेरावांचे कान तापले, मग गाल, मग डोळ्यांत पाणी आलं. आपण फार हलके आहोत, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते लपवायला तिथं गोठा नव्हता.

ते उठले आणि सभेकडं तोंड करून उभे राहिले.

“मी सांगतो,” ते म्हणाले. “दिल्लीत मी तुमचं म्हननं मांडलंच न्हाई. त्यांनी कागद वाचला, मी ऐकला न्हाई, आन् सवयीनं मंजूर म्हनून वराडलो. कागदात व्हतं, रातीचं रानात जाऊ नका, लाइट हाय तशीच ऱ्हाईल. मंग मला बोलायची पाळी आली, तवा सुदिक मी लाजंपायी गप बसलो. हितं येऊन तुमचं हार घातलं. चांगुणा, तुला मी खोटं बोललो. आन् आज हा ठराव असा लिवला, की तुमाला कळूच नये.”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “असू द्या, आबा. कुनाच्याबी हातनं व्हतं.” दुसरा म्हणाला, “दिल्लीत भलेभले गांगारत्यात.” इंद्रजीतला तर भरून आलं. “आबांनी मोठ्या मनानं सांगितलं! मन लागतं त्याला!” म्हणून त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि हॉलनं साथ दिली. सर्जेरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. थोबाडीत मारा म्हणून गाल पुढं करावा आणि लोकांनी त्याचा मुका घ्यावा, तसलं ते झालं.

टाळ्या थांबल्या तरी चांगुणा उभीच होती. तिनं टाळी वाजवली नव्हती.

“आबा,” ती म्हणाली, “म्हंजी दिल्लीवाल्यांनी लिवलंय, रातीला रानात जाऊ नये.”

“व्हय.”

“आन् तुमी त्येला मंजूर म्हनला.”

“व्हय.”

“मंग आज रातच्याला मी तुमच्या उसात दारं धराया जाऊ का नगं, तेवढं सांगा.”

सर्जेरावांनी तिच्याकडं बघितलं. दिवसा लाइट मिळावी म्हणून ते दिल्लीपर्यंत गेले होते. खात्याला, सरकारला, परिषदेला विचारायचं होतं. पण रात्री तिला रानात पाठवत होतं कोण? खातं नव्हे, सरकार नव्हे. सालभर, दर एक आठवडा सोडून, संध्याकाळी “लाइट दहाला येनार हाय गं” असं वस्तीवरून ओरडून सांगणारा आवाज त्यांचाच होता. त्याच आवाजात ते आधी म्हस्कूला सांगायचे.

“नको,” सर्जेराव म्हणाले. “जाऊ नको.”

“आन् ऊस?”

“वाळंना का. ऊस वाळला तर वाळू दे. तू जायाचं न्हाई.”

चांगुणानं पदर सारखा केला. सगळ्या सभेसमोर, नवऱ्याचं नाव न घेता, तिनं विचारलं, “मंग हे ह्येंना का न्हाई सांगितलंत, आबा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.